रात्रपाळीचे अस्वल

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. कंपाउंडरने शटर अर्धे ओढले होते आणि बाहेर आपला नेहमीचा पाऊस, समोरच्या दुकानाची पाटीही दिसू न देणारा. इतक्यात शटरखालून वाकून एक आजी आत आल्या. मागोमाग त्यांची सून आणि सुनेच्या पदराआड दहा-अकरा वर्षांचा मुलगा. पोलादपूरच्या बाजूच्या एका वाडीतून रिक्षा करून आली होती मंडळी. एवढ्या पावसात, एवढ्या रात्री म्हणजे ताप डोक्यात गेला असेल किंवा पान लागले असेल, असे वाटून मी खुर्चीतून उठलोच. पण मुलगा धडधाकट होता. आजींनी बसायच्या आधीच विचारले, "डॉक्टर, बाहेरचं काय नाय ना हो?"

आपल्या भागात डॉक्टरकी करायची तर हा प्रश्न नवा नाही. बाहेरचे म्हणजे काय हे मी विचारत नाही. आधी सगळे ऐकून घेतो. आजी सांगू लागल्या. गेले तीन आठवडे पोरगा रात्री झोपत नाही. बाराच्या सुमारास उठून बसतो. पुढच्या दाराची कडी बघतो, मग परसदाराची, मग पुन्हा पुढची. दिवा घालवू देत नाही. एकदा तर ओरडला, "अस्वल आलं!" आजी म्हणाल्या, "माझ्या जन्मात मी रानात डुक्कर बघितला, बिबट्या बघितला. अस्वल काय बघितला नाय. मग ह्याला कुठना दिसला?" भगताकडे जाऊन झाले होते. अंगारा लावून झाला होता, उशाखाली लिंबूही ठेवून झाले होते.

मी मुलाला तपासले. घसा, छाती, पोट ठीक. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, नखे थोडी पांढुरकी. मग सहज विचारले, "काय रे, त्या अस्वलाच्या डोक्यावर काही असतं का?" मुलगा माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "टोपी. काळी. उंच."

मला उत्तर मिळाले. काळी उंच टोपी आणि गळ्यात बो असलेले ते अस्वल माझ्या घरातही येऊन गेले आहे. सुट्टीत पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याच्या मोबाइलमधून आले होते. त्याचे नाव फ्रेडी.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी हे नाव कानावर पडू दिले असेल. इतरांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण शत्रू असो की पाहुणा, आधी त्याची ओळख पाहिजे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्कॉट कॉथॉन नावाच्या अमेरिकन माणसाने 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज्' हा संगणकावरचा खेळ बाजारात आणला. या गृहस्थाने त्याआधी लहान मुलांसाठी एक साधासरळ खेळ केला होता, लाकूडतोड्या बीव्हर प्राण्यांचा. तो पाहून परीक्षकांनी म्हटले की तुमची ही प्राण्यांची चित्रे मोटरवर हलणाऱ्या पुतळ्यांसारखी भीतिदायक दिसतात. बिचारा खूप खचला. मग मनाशी म्हणाला, भीतिदायकच दिसतात ना, मग भीतीचाच खेळ करतो. आणि त्याने जगभरच्या मुलांची झोप उडवली.

खेळ असा आहे. एका पिझ्झाच्या हॉटेलात मुलांच्या करमणुकीसाठी यंत्रावर हलणारे, गाणारे मोठे पुतळे आहेत: अस्वल, ससा, कोंबडी आणि कोल्हा. अमेरिकेत अशी हॉटेले खरोखरच होती. नोलन बुशनेल या उद्योजकाने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात त्यातले पहिले गाजलेले हॉटेल काढले. त्या कंपनीने २०२४ मध्ये बहुतेक ठिकाणचे पुतळे काढून टाकले. खेळात हे पुतळे झपाटलेले आहेत आणि रात्री चालू लागतात. खेळणारा असतो रात्रपाळीचा पहारेकरी. त्याला केबिनमधून उठता येत नाही. समोर कॅमेऱ्याचे पडदे, डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार. पुतळा जवळ आला की दार बंद करायचे. पण दार बंद ठेवले, दिवा लावला, कॅमेरा पाहिला की वीज खर्च होते. वीज संपली की अंधार, आणि मग कर्कश किंचाळीसह ते तोंड पडदाभर येते. रात्री बारापासून सकाळी सहापर्यंत जिवंत राहिले की जिंकले. खऱ्या घड्याळाने ही रात्र आठ-नऊ मिनिटांची. भारनियमनात वाढलेल्या आपल्या पिढीला तर वीज संपण्याची ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

या खेळावर २०२३ साली हॉलीवूडचा चित्रपट निघाला, डिसेंबर २०२५ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. पण माझ्या दवाखान्यातला मुलगा हा मूळ खेळ खेळतच नव्हता. त्याच्या आईच्या मोबाइलमध्ये होती ती कोणा अज्ञात हौशी माणसाने केलेली नक्कल. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

आपल्याकडे मुंबईत एखादे नाटक गाजले की गावची हौशी मंडळी ते पूजेला बसवतात. पडदा चादरीचा असतो, दाढी कापसाची असते, पण उत्साह खरा. या खेळाचे नेमके तसेच झाले. जगभरच्या पोरांनी आपापली अस्वले, आपापली हॉटेले केली. एमिल माको नावाच्या तरुणाने २०१५ मध्ये मांजरांचा खेळ केला, 'फाइव्ह नाइट्स ॲट कँडीज्'. दुसऱ्या एकाने चक्क अंड्याला भूत केले. 'द जॉय ऑफ क्रिएशन' या खेळात तर ही भुते खुद्द कॉथॉनच्याच घरात शिरतात, त्याच्या बायकामुलांच्या मागे लागतात. अशा हौशी खेळांची मोजदाद कोणी करू शकेल असे वाटत नाही. कॉथॉनने मोठ्या मनाने २०२० मध्ये यातल्या काही पोरांना स्वतः पैसे देऊन त्यांचे खेळ अधिकृतपणे काढायचे ठरवले. आपल्या कल्पनेची उचल करणाऱ्याला कोर्टात खेचण्याऐवजी त्याच्या पाठीवर हात ठेवणारा माणूस मला आवडतो, हे कबूल करतो. या खेळांतून कित्येक मुले चित्र काढायला, संगीत जुळवायला, संगणकाला हुकूम द्यायला शिकली. त्यामुळे 'हे सगळे थोतांड आहे, बंद करा' असे मी म्हणणार नाही. ते खरेही नाही.

पण डॉक्टर म्हणून मला खटकते ते वेगळेच. आपल्या महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. सिनेमाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. मूळ फ्रेडीच्या खेळालाही परदेशात वयाची पाटी आहे आणि ती कुमारवयीन मुलांसाठीची आहे, तिसरी-चौथीतल्या पोरांसाठीची नव्हे. हौशी नकलांना मात्र कसलीच पाटी नसते. करणारा पंधरा वर्षांचा असतो. तो आपल्यासारख्या पंधरा वर्षांच्यांना घाबरवायला करतो आणि मूळ खेळापेक्षा आपला अधिक भयंकर व्हावा म्हणून रक्त, मेलेली मुले, किंचाळ्या यांचा मारा करतो. तो खेळ फिरत फिरत येतो पोलादपूरच्या वाडीतल्या चौथीतल्या मुलाकडे. मधल्या वाटेत कोणी मोठे माणूस उभे नाही. गावच्या हौशी नाटकातही राक्षस आला की पहिल्या ओळीतल्या पोरांना आजी पदराखाली घ्यायची. ही पदराखालची जागा मोबाइलमध्ये नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. यातले बरेच खेळ मूळ संगणकासाठी केलेले असतात. ते मोबाइलवर आणून टाकणारा कोणी तिसराच असतो. अधिकृत दुकानाबाहेरून उतरवून घेतलेल्या अशा फाइलबरोबर काय आत आले हे आपल्याला कळत नाही. खेळाला तुमचे निरोप वाचायची परवानगी कशाला हवी? पण मुलगा 'हो, हो' दाबत जातो. त्याच मोबाइलवर आईचे बँकेचे खाते असते आणि बँकेचे गुप्त आकडेही त्याच निरोपांतून येतात. हा आरोग्याचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, खात्यातले पैसे गेल्यावर रक्तदाब तपासायला माझ्याकडेच येता.

असो. मुलगा घाबरतो म्हणजे शरीरात काय होते ते पाहू. अचानक मोठा आवाज आणि तोंडावर आलेले चित्र, यावर मेंदू विचार करत बसत नाही. क्षणात अंग दचकते, ॲड्रेनलिन सुटते, छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो. दिवसा खेळताना हे दहा मिनिटांत शमते आणि मुले हसतात. भीती आणि गंमत यांच्यात एवढेच अंतर असते. पण हेच झोपेच्या आधी, अंथरुणात, चादरीखाली, कानात हेडफोन घालून केले तर? शरीर पहाऱ्यावर उभे राहिलेले असते आणि आपण त्याला झोप म्हणतो. ते कसे झोपेल? त्यात पडद्याचा उजेड डोळ्यावर असल्याने झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा पाझरते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा. आमच्या या पाहुण्याला जेमतेम पाच मिळत होती. शाळेत तो बाकावर डोके टेकून झोपतो अशी तक्रारही होतीच.

हलत्या पुतळ्याचीच भीती का वाटते, वाघाची का नाही, हाही गमतीचा प्रश्न आहे. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञाने १९७० मध्ये त्यावर एक लेख लिहिला. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की आपल्याला तो आवडू लागतो, पण जवळजवळ माणूस आणि तरी माणूस नव्हे, अशा टप्प्यावर आला की एकदम किळस आणि भीती वाटते. आणि तो हलत असेल तर अधिकच. मला हे समजायला जपानला जावे लागले नाही. लहानपणी गणेशोत्सवात कुंभकर्णाचा हलता देखावा पाहिला होता. पोट वरखाली व्हायचे, राक्षस ढोल वाजवायचे आणि शेवटी कुंभकर्ण डोळे उघडायचा. ऐन त्या वेळी वीज गेली. अंधारात बॅटरीच्या उजेडात तो अर्धे डोळे उघडून तसाच थांबलेला. लोक हसत होते. मी वडिलांचा हात सोडला नाही आणि पुढे चार दिवस एकटा परसात गेलो नाही. वय वर्षे आठ. त्या काळी मोबाइल नव्हता, हे मोबाइलला सगळा दोष देणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

भुताखेतांच्या गोष्टी मुलांना नवीन नाहीत आणि कोकणात तर नाहीतच. मुंजा, हडळ, वेताळ, देवचार, कोणत्या पाणंदीला कोण बसते याची यादी प्रत्येक वाडीत तोंडपाठ. आम्ही वसतिगृहात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून एकमेकांना घाबरवले आहे. २०१६ साली दूरचित्रवाणीवर 'रात्रीस खेळ चाले' लागली तेव्हा दवाखान्यात पेशंट साडेनऊच्या आत उरकायची घाई करायचे. फरक इतकाच की ती भीती आपण घोळक्यात घेतली. गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या मांडीला टेकून घेतली. मोबाइलवरचा मुलगा एकटा असतो आणि किंचाळी फक्त त्याच्याच कानात वाजते.

आता त्या पहिल्या रात्री मी काय केले ते सांगतो, कारण ते चुकले. मी डॉक्टरी रुबाबात आईला म्हटले, "ताई, मोबाइल काढून घ्या. बाहेरचं काही नाही, आतलं आहे, ह्या खोक्यातलं." रक्तवाढीचे औषध दिले, जंताची गोळी दिली, आजींची समजूत घातली आणि स्वतःवर खूष होऊन घरी गेलो.

पंधरा दिवसांनी आई परत आली. मोबाइल काढून घेतला होता. मुलगा अधिकच जागत होता. आता तर पहाटेपर्यंत बसून राहायचा. शिवाय शाळा सुटल्यावर मित्राच्या मोबाइलवर तोच खेळ खेळतो असे कळले होते. मी आईला बाहेर बसवले आणि मुलाला एकट्याला विचारले, "अरे, एवढी भीती वाटते, मग खेळतोस कशाला?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खेळात मी बाबा असतो."

त्याचे वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत पहारेकरी आहेत. रात्री आठ ते सकाळी आठ. आठवडे आठवडे रात्रपाळी. मुलगा एकदा त्यांचा डबा द्यायला काकांबरोबर गेला होता तेव्हा त्याने केबिन पाहिली होती. "बाबांच्या केबिनला दार एकच आहे," तो मला म्हणाला. खेळात दोन असतात. आणि खेळात सहाला सुटका होते, बाबांची होत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, ते वाचकांना आठवत असेलच. वडील तिथे कामाला नव्हते. पण मुलाने ती बातमी ऐकली होती, घरात मोठ्यांची कुजबुज ऐकली होती. मोठ्यांना वाटते पोरे खेळात दंग आहेत. पोरांचे कान आपल्याकडेच असतात. दोन वर्षे तो मुलगा रात्री बारा वाजता उठून आपल्या बापाचा पहारा करत होता. कोणी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. मग कोणीतरी दूरदेशी केलेला एक खेळ त्याच्या हाती लागला. त्यात पहारेकरी होता, केबिन होती, रात्र होती, आणि पहारेकऱ्याला वाचवता येत होते. ते मी एका फटक्यात काढून घेतले होते. भूत तसेच ठेवले आणि दार मात्र काढून नेले.

आपल्या दोन तालुक्यांतल्या मुलांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यायला हवे. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होते आणि त्याच दिवशी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. २०२१ मध्ये जी मुले वाचली त्यांतली काही आज दहावी-बारावीत आहेत. पावसाचा जोर वाढला की त्यांतली काही जागी राहतात. शहरातल्या मुलाला अस्वलाची भीती बाहेरून विकत आणावी लागते. आपल्याकडच्या कित्येक मुलांना ती घरबसल्या मिळाली आहे. अशा मुलाच्या हातात भयखेळ दिसला की आधी विचारावे, कशाला खेळतोस? आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. मला थांबायला पंधरा दिवस उशीर झाला.

पालक नेहमी विचारतात ते काही प्रश्न इथेच उरकतो. मूल रात्री ओरडत उठते, हे दोन प्रकारचे असते. पहाटेकडे उठले, घाबरलेले असले, आईला ओळखले आणि स्वप्न सांगू लागले तर ते दुःस्वप्न. जवळ घ्यावे, पाणी द्यावे, दिवा लावून चार शब्द बोलावे. झोपल्यावर दोन-तीन तासांतच किंचाळून बसले, डोळे उघडे पण ओळख नाही, घामाने निथळते आहे, हात लावला तर ढकलते आणि सकाळी काहीच आठवत नाही, तर ती गाढ झोपेतली भीती. यालाच लोक लागीर समजतात. अशा वेळी मुलाला गदागदा हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये. पडून लागणार नाही एवढे पाहावे, आपोआप झोपते. लहान मुलांत हे दिसते आणि बहुतेकांचे वयाबरोबर जाते. मात्र झोपेत एकाच बाजूचे हातपाय झटकणे, जीभ चावणे, तोंडाला फेस, अंथरुणात लघवी असे असेल तर ते फिटचे लक्षण असू शकते, डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. आधीच फिट येणाऱ्या मुलाने झगझगाट उघडझाप करणारे खेळ खेळण्याआधी डॉक्टरला विचारावे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने साडेसहाशेहून अधिक मुले एका संध्याकाळी इस्पितळात पोहोचली होती.

'झोपेची गोळी द्या' असे म्हणणारेही येतात. मुलांना नाही. या निमित्ताने एक गंमत सांगतो. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर ज्या प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवला (त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली), तेच औषध अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांवर वापरून पाहिले गेले. विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठते त्याचा धाकटा भाऊ म्हणजे भीती, म्हणून हा तर्क. सुरुवातीला आशा वाटली, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साध्या गोळीपेक्षा अधिक गुण दिसला नाही. सांगायचे कारण, घरात विंचवासाठी ही गोळी ठेवलेली असेल तर कृपा करून पोराच्या स्वप्नावर वापरू नका. रक्तदाब एकदम उतरतो.

दुसरे टोक म्हणजे आरडाओरडा. २०१७ साली 'ब्लू व्हेल'ची केवढी दहशत उठली होती! आम्ही डॉक्टरांनी भाषणे दिली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. पुढे केंद्र सरकारच्या समितीला एकाही मृत्यूत त्या खेळाचा संबंध सिद्ध करता आला नाही. मुले मात्र आपल्या दुःखानेच गेली होती आणि ते दुःख कोणी शोधले नाही. तेव्हा उद्या कोणी 'अस्वलाच्या खेळाने पोरे वेडी होतात' असा निरोप पाठवला तर पुढे ढकलू नका. व्यसन हा शब्दही जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला जानेवारी २०२२ पासून रोगांच्या यादीत जागा दिली आहे, पण त्यासाठी साधारण वर्षभर खेळावर ताबा सुटलेला, शाळा, जेवण, माणसे सगळे मागे पडलेले असावे लागते. सुट्टीत चार दिवस खेळला म्हणून मूल व्यसनी होत नाही.

माझे मत विचाराल तर दहा वर्षांखालच्या मुलाला हे खेळ नकोत. त्यापुढच्याला द्यायचे तर दिवसाढवळ्या, ओटीवर, सगळ्यांसमोर, हेडफोनशिवाय. किंचाळी घरभर ऐकू आली की निम्मी भीती हसण्यात जाते. एकदा शेजारी बसून तुम्हीही खेळा. हराल, पोराला आनंद होईल. रात्रीच्या जेवणानंतर मोबाइल देवघराच्या फळीवर, आणि हा नियम बापालाही. मूल महिनाभर झोपत नसेल, शाळा टाळत असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल तर थांबू नका. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे महाड-पोलादपूरकराचा दिवस मोडतो हे मला माहीत आहे. पण १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मनाच्या प्रश्नावर बोलता येते.

त्या मुलाचे पुढे काय झाले? मी वडिलांना बोलावून घेतले. रात्रपाळी करून, न झोपता, डोळे लाल अशा अवस्थेत ते आले. मुलाने सांगितलेले त्यांना सांगितले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर एका रविवारी सकाळी त्यांनी मुलाला फाटकापर्यंत नेले. केबिन दाखवली, भोंगा कुठे आहे, पळायची वाट कोणती, फोन कुठे टांगलेला असतो, रात्री जोडीला दुसरा पहारेकरी कोण असतो, सगळे दाखवले. तेव्हापासून ते रोज रात्री नऊला घरी फोन करतात, दोनच मिनिटे. मोबाइल परत दिला, पण शनिवारी दुपारी, आजींच्या शेजारी. आजींना आता अस्वल, ससा, कोंबडी सगळी ओळखू येतात. कोंबडी त्यांना मुळीच भीतिदायक वाटत नाही, म्हणतात, "असली कोंबडी आमच्या खुराड्यात एक दिवस टिकायची नाय." झोप एकदम आली नाही. महिना-सव्वा महिना लागला. अजूनही जोराचा पाऊस असला की तो एकदा उठून कडी बघतो.

दिवाळीनंतर तो खोकल्यासाठी आला तेव्हा हातात चौकटीची वही होती. तो स्वतःचा खेळ करत होता. संगणक नाही, वहीतच. नकाशा काढलेला, फाटक, केबिन, दोन पहारेकरी, चहाचा थर्मास. भुते अजून ठरली नव्हती. मी छातीला नळी लावत होतो तरी त्याची मान सारखी इकडेतिकडे वळत होती.

"श्वास घे जोरात," मी म्हटले. "काय बघतोयस?"

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्याला मागचं दार आहे का?"

"आहे. पण औषधांच्या खोक्यांमुळे उघडत नाही."

त्याने पेन्सिल काढली आणि वहीत ते दार काढून त्यावर फुली मारली.